वरचं पाणी

“वसू, पाणी बदललंय हां तुझं. पोटाला सांभाळ.”

दादाचा हा आवाज वसुंधरेला कधीही ऐकू यायचा. दूध उतू जाताना, देवाची फुलं निवडताना, नळाला पाणी येण्याआधी जी कोरडी हवा फुसफुसते तिच्यातून. लग्नानंतर पाठराखणीला म्हणून कोकणातून थेट झाशीपर्यंत आलेला तिचा थोरला भाऊ, परतीची गाडी सुटता सुटता खिडकीच्या गजांआडून एवढंच बोलला होता. डोक्यावर हात नाही, डोळ्यांना रुमाल नाही. त्यांच्याकडच्या पुरुषांना माया करायची झाली की ते पोटाबद्दल बोलतात. त्या गोष्टीला आता इतकी वर्षं लोटली की त्या फलाटावरचा कोळशाचा धूर कुणाला सांगूनही खरा वाटू नये. आज सकाळी तो आवाज आला तेव्हा ती हातात केरसुणी घेऊन बैठकीतल्या काचेच्या टाकीपुढे उभी होती, आणि काचेला चिकटून चरणारी गोगलगाय सुटून खाली वाळूत उताणी पडली होती. गोगलगाय ती केवढी, बोराएवढी. पण तिचं मऊ अंग शंखाबाहेर लोंबत होतं. वसुंधरेनं नजर वर नेली. रोज या वेळी निळा दिवा लागला की खडकावरचे प्रवाळ फुलांसारखे उघडायचे. बटणांएवढे हिरवे, केशरी, आणि मधोमध ते पांढरट झुडूप, ज्याचे इवले पंजे तान्ह्या बाळासारखे दिवसभर मुठी उघडत मिटत असायचे. आज एकही मूठ उघडलेली नव्हती. पाणी तसंच नितळ, पंप तसाच गुणगुणत होता, आणि त्या गुणगुणण्यात सगळं घर नेहमीसारखं शहाण्यासारखं बसलं होतं.

हा समुद्र तिच्या नवऱ्यानं केलेला. मार्तंडरावांनी जन्मभर रेल्वेच्या कचेरीत बसून पुलांचे आणि फलाटांचे नकाशे काढले, आणि निवृत्त झाल्यावर हात रिकामे राहिनात म्हणून समुद्राचा नकाशा काढला. जिथं पैसा लागतो तिथं अक्कल लावायची, हे त्यांचं ब्रीद. मोठी टाकी मानिक चौकातल्या एका साडीवाल्याची. त्याच्या दुकानात तिच्यात पूर्वी सोनमासे फिरत, मग गिऱ्हाइकांची पोरं काच बडवायला लागली म्हणून ती पोटमाळ्यावर गेली, आणि तिथून सायकलरिक्षात, गादीत गुंडाळून, नवरीसारखी या घरात आली. तिच्या शेजारी एक लहान टाकी. तिच्यात प्रवाळांची कलमं. तिसरी खाली, लोखंडी मांडणीच्या पोटात. तिच्यात शेवाळाचा हिरवा गुंता आणि पंप. वरचं पाणी पाइपातून खाली उतरायचं, शेवाळातून गाळून निघायचं आणि पंपाबरोबर पुन्हा वर चढायचं. तीन टाक्या, पाणी एकच. चौथी मात्र खिडकीपाशी एकटी, कुठल्याच पाइपाला न जोडलेली. बाहेरून आलेला जीव आधी काही दिवस तिच्यात ठेवायचा, रोग नाही ना हे बघायचं, मगच आत घ्यायचा. “नवी नवरी आहे, आधी उंबऱ्यावर थांबू दे जरा,” मार्तंडराव म्हणायचे. खडकसुद्धा घरचे, पांढरं सिमेंट आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ती शिंपल्यांची भरड, एकत्र थापून, महिनोन् महिने पाण्यात भिजवून त्यांचा कडकपणा उतरवलेला. मोडक्या कॉम्प्युटरमधले पंखे पाण्यावर वारा घालायचे, कारण झाशीच्या उन्हाळ्यात माणूस शिजतो तिथं प्रवाळाची काय कथा. प्रवाळ तेवढे भोपाळच्या एका छंदिष्टाकडून आले, त्यानं स्वतःच्या टाकीत वाढवलेले.

वाऱ्यानं पाणी थंड व्हायचं आणि उडूनही जायचं. पहिल्या उन्हाळ्यात मार्तंडरावांनी तिला शेजारी बसवून समजावलं होतं. “हे बघ, पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून रोज वरून घालायचं ते गोडं पाणी. खारं घातलंस तर मीठ बढत जाईल आणि सगळे खल्लास. समझलीस?” ते तसंच बोलत. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी दक्षिणेतून कुणा सरदाराच्या कारकुनीत आलेलं त्यांचं घराणं. त्यांच्या मराठीत कधी पणजीच्या काळचा एखादा शब्द चमकायचा आणि त्याच्याच पाठीवर हिंदी क्रियापद बसलेलं असायचं. तेव्हापासून ते काम तिचं झालं. सकाळी मशीनचं गाळलेलं पाणी प्लास्टिकच्या जगमध्ये घ्यायचं आणि काचेवर मारलेल्या खुणेपर्यंत हळूच सोडायचं. बाळाला वरचं दूध, तसं समुद्राला वरचं पाणी. ते सोडताना तिला सासूबाई आठवत. दुर्गाबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या, “आमच्या घरी सून तिकडचीच आणायची. म्हणजे घरातली भाषा सुकत नाही.” त्यांच्या जावा तिकडच्या, सासू तिकडची, त्या स्वतः साताऱ्याकडच्या. दर पिढीला कुणाची तरी मुलगी आणून ओतायची आणि खुणेपर्यंत पाणी राखायचं. मीठ त्यांचं. पाणी आपलं. उडून जायचं ते आपण.

पण हा समुद्र घरात आला तो तिच्यामुळे, असं सगळी आळी म्हणे. शेजारचे रिछारियाजी तर आल्यागेल्याला आणून दाखवत. “देखो, भौजी के लाने समुन्दर लै आए! हमाई घरवारी ने तो जिंदगी भर कूलर माँगो, वो भी न ला पाए हम.” लोक हसत, आणि वसुंधराही हसे. ते हसू तिच्या ओठांना इतकं सवयीचं झालं होतं की आरशात कुंकू लावतानाही कधी कधी आपोआप उमटे. गोष्ट खरीच होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बायका जमल्या होत्या, आणि सासूबाईंनी डाळीची वाटी तिच्या हातात देत सगळ्यांसमोर विचारलं होतं, “काय गं, माहेरचं काय आठवतं सगळ्यांत जास्ती?” तिच्या तोंडात ‘आई’ हा शब्द आलाच होता. जिभेच्या टोकावर आला, दातांना लागला. पण समोर सासू बसलेली, सासूच्या चार मैत्रिणी, आणि सासूच्या घरात येऊन वर्ष झालेलं नाही तोवर सून म्हणणार आई आठवते? त्यांचं काय कमी पडलं म्हणून आठवते? म्हणून तिनं तो शब्द गिळला आणि हाताला लागला तो दुसरा पुढे केला. “समुद्र,” ती म्हणाली. बायका खोखो हसल्या. “ऐका! आता समुद्र कुठून आणायचा हिच्यासाठी? आपल्या तळ्यात, लक्ष्मी तालात, मीठ टाका गं कुणीतरी!” पडद्यापलीकडे मार्तंडराव चपला घालत होते. ते हसले नाहीत. त्यांनी तो शब्द उचलला, आणि नकाशाची गुंडाळी ठेवावी तसा कुठेतरी आत, कोरड्या जागी ठेवून दिला. पुढे सासूबाई गेल्या, मुलगी लग्न होऊन इंदूरला गेली, आणि एका दुपारी सायकलरिक्षा दाराशी थांबली. घामानं निथळणारा तो साठीचा माणूस गादी सोडत म्हणाला, “घे. तुझा समुद्र.” अशा माणसाला काय सांगायचं? की मी तेव्हा खोटं बोलले?

आई गेली तेव्हा वसुंधरा झाशीत होती. तार आली ती तिसऱ्या दिवशी. वडील गेले तेव्हाही झाशीत. तेव्हा मुलीला गोवर होता. माहेर असं एकेका बातमीनं उडत गेलं. खाली दाट होत गेलं ते मात्र कुणाला दिसण्यासारखं नव्हतं. उरला दादा, नारायण. दर पावसाळ्यात त्याला राखी जायची आणि त्याचं पोस्टकार्ड यायचं, आंब्याचा मोहोर, गुरांची वेतं, पायाची सूज, आणि शेवटी ठरलेलं ‘पोटाला सांभाळ’. यंदा पोस्टकार्डाच्या आधी भाच्याचा फोन आला. “आत्या, बाबांचं काही खरं नाही. खाणं सुटलंय. ओळखतात कधी, कधी नाही. तुझी राखी आली ती मुठीत धरून बसलेत, सोडत नाहीत. बघायचं असेल तर ये बाई.” तिनं फोन ठेवला. मार्तंडराव लहान टाकीवर वाकून एका कलमाला डिंकासारखं काहीतरी लावत होते. “कुणाचा गं?” “भाच्याचा. दादाची तब्येत जरा नरम आहे म्हणतो.” जरा नरम. तेवढंच निघालं तोंडातून. “अरेरे,” मार्तंडराव मान वर न करता म्हणाले, “थंडीत जाऊ आपण. आत्ता टाकी टाकून हलता येणार नाही, रोजचं वरचं पाणी कोण बघेल? थंडीत पाणी कमी उडतं. नक्की जाऊ. तुला खरा समुद्र पण दिसेल.” ती म्हणाली, “हो.” हो म्हणणं तिला फार सोपं जायचं, आणि म्हटल्यावर ते दिवसभर कुसळासारखं टोचत राहायचं.

मग नारळी पौर्णिमा आली. इकडे त्या दिवशी घरोघरी राखी, आणि दुसऱ्या दिवशी बायका डोक्यावर गव्हाच्या कोवळ्या रोपांचे द्रोण घेऊन कजलिया पाण्यात सोडायला तलावावर निघतात. ती मात्र लग्न झाल्यापासून दरवर्षी पौर्णिमेलाच लक्ष्मी तालावर जाऊन नारळ वाहायची, आणि घाटावरच्या बाया म्हणायच्या, ये दक्खिनी लोग तालाब को नारियल खिलाते हैं. यंदा तिला वाटलं, समुद्र घरात असताना तलावाकडे कशाला जायचं? मार्तंडराव विजेचं बिल भरायला गेले होते. तिनं काचेला बाहेरून हळदीकुंकू लावलं, निरांजन ओवाळलं, नारळ पाण्याला टेकवून काढून घेतला. आणि काही दिल्याशिवाय काही मागू नये म्हणून देव्हाऱ्यातला भोकाचा पैसा, सासूबाईंच्या सासूच्या हातचा, जुन्या तांब्याचा, खालच्या टाकीत शेवाळाच्या गुंत्यात सोडला. तो जाळीत अडकला, हेलकावला, आत गेला. ती हात जोडून म्हणाली, थंडीपर्यंत ठेव रे दादाला. एवढंच. त्या दिवशी त्या पाण्याकडे बघताना पहिल्यांदा तिला ते समुद्रासारखं वाटलं होतं. आपण मागतो आणि ते काहीच बोलत नाही, म्हणून.

“अहो,” तिनं आता हाक मारली, “जरा इकडे या बरं.”

मार्तंडराव दात घासत होते, तसेच आले. मग चूळ भरून, बॅटरी घेऊन ते काचेला नाक लावून बसले. बायकोशी ते मराठीत बोलत, पण या जिवांशी नेहमी हिंदीत. “क्या हुआ भाई? काहे को मुँह फुला के बैठे हो?” बोट बुडवून जिभेला लावलं. मीठ मोजलं, ऊन-थंड मोजलं. “सगळं बरोबर आहे. वरचं पाणी नळाचं तर नाही घातलंस?”

“नाही हो. मशीनचंच.”

ते मांडणीपुढे जमिनीवर आडवे झाले आणि खांद्यापर्यंत हात खालच्या टाकीत घातला. शेवाळाचा गोळा काढून परातीत ठेवला, पिंजला, आणि त्यातून तो पैसा बाहेर आला. भोकाभोवती हिरवी-निळी साय धरली होती.

“वसू. हा इथं कसा?”

“मी टाकला. पौर्णिमेला. पूजा केली मी.”

“तांबं आहे हे.”

“देवाचं तांब्याचंच असतं.”

मार्तंडराव उठून बसले. पैसा तळहातावर घेऊन त्यांनी तो उलटासुलटा केला. “आपल्याला पवित्र गं,” ते हळू म्हणाले, “यांना जहर आहे. माशाला एक वेळ चालेल. प्रवाळाला, गोगलगायीला थोडंसं पण सोसत नाही. आणि पाणी सगळीकडे एकच, म्हणजे वर-खाली सगळीकडे गेलं ते.” तिनं पदर घट्ट धरला. आता ओरडतील, असं तिला वाटलं, आणि वाटता वाटता तिला कळलं की आपण त्याचीच वाट बघतोय. दोन वर्षांची त्यांची मेहनत होती. एक शब्द लागेल असा टाकला असता त्यांनी, तर तिलाही एक टाकता आला असता. पण मार्तंडराव हसले. दाढीचे पांढरे खुंट हलले. “मी तुला मीठ शिकवलं, पंप शिकवला, तांबं शिकवायचं राहून गेलं. गलती माझी. अगं, बेतवेच्या पुलावरून गाडी गेली की अख्खा डबा पैसे टाकतो, नदी कधी कुरकुरली नाही. पण आपली नदी पडली परातीएवढी.” आणि तिच्या खांद्याला ओल्या हातानं हलकंच थोपटून ते जहर शोषणाऱ्या कोळशाची पुडी शोधायला गेले. त्या थोपटण्याचा ओला ठसा तिच्या पोलक्यावर वाळेपर्यंत तिला जड लागत होता.

दुपारभर मग दोघं कामाला लागली. खारं पाणी नव्यानं कालवायचं होतं. ती सवयीनं न्हाणीतलं घंगाळ उचलून आणायला गेली, तर मार्तंडराव केवढ्यानं ओरडले, “ते नको! अगं बाई, पुन्हा तांबं!” आणि मग दोघांनाही हसू आवरेना, ती घंगाळ कवटाळून तिथंच टेकली. प्लास्टिकच्या बादल्यांत मीठ पडलं, ढवळलं गेलं, खिडकीतल्या उन्हात पांढरं धुकं होऊन विरलं. वास आला. तो समुद्राचा नव्हता, नुसत्या मिठाचा होता. प्रवाळांची मेलेली बटणं मार्तंडराव चिमट्यानं काढून देत आणि ती वाटीत घेई. मधे रिछारियाजी डोकावले, भरती आलीय का म्हणून चिडवत. “काय मार्तंडजी, समुन्दर में जुआर आ गओ का? सबरो घर गीलो कर दओ!” मार्तंडराव क्षणाचाही विलंब न लावता म्हणाले, “अरे कुछ नहीं, रिछारियाजी. पंप दगा दे गया. पुराना माल था, मेरी ही कंजूसी.” रिछारियाजी हळहळून गेले. वसुंधरा वाटी धरून उभी होती. तिच्यासाठी हा माणूस पंपावरसुद्धा आळ घेत होता. प्रेम हे असं वरून वरून रोज पडत राहतं, गोडं, गाळलेलं, आणि खाली जे साचलेलं असतं त्याला ते धक्कासुद्धा लावत नाही. उलट खुणेपर्यंत सगळं भरलेलं दिसतं. तिला आईची जात्यावरची एक ओवी आठवली. पीठ पडताना आई ती अर्ध्यावर सोडायची, आणि दादा अंथरुणातून पुरी करायचा, मुद्दाम घोगऱ्या आवाजात.

दूर दिली लेक, तिची वाट कुणा ठावी
नदी म्हणे, बंधू, आधी पाणी पी, मग पुसावी

किती नद्या मधे. भाऊ प्रत्येकीला विचारत यायचा, आणि प्रत्येक नदी म्हणायची, आधी पाणी पी. दादा एकदाच आला होता. नंतर त्याचे गुडघे गेले. आता तो मुठीत राखीचा दोरा धरून बसला होता, आणि कुणाला विचारत होता कोण जाणे.

उन्हं कलली तशी बैठकीची फरशी पुसून कोरडी झाली. वाचलेले जीव थोडेच होते. ते मार्तंडरावांनी एकेक करून खिडकीपाशीच्या एकट्या टाकीत नेऊन ठेवले. सगळ्यांत शेवटी ते पांढरं झुडूप. त्याचे पंजे अजून मिटलेलेच होते, पण देठ ताठ होता. “जगेल हे,” मार्तंडराव म्हणाले, “जिद्दी है.” मग त्यांनी पाइपाचं एक टोक मोठ्या टाकीत सोडलं, खाली बादलीवरचं दुसरं तिच्या हातात दिलं आणि स्वतः वरचं टोक धरून टाकीवर ओणवले. कमरेतून वाकताना त्यांना कळ आली ती तिनं पाहिली. त्यांच्या डोळ्यांत मात्र सकाळपेक्षा जास्त उजेड होता. बिघडलेल्या नकाशावर नवा कागद चढवताना असायचा तसला.

“आता ऐक,” ते सांगू लागले. “रोज थोडं थोडं पाणी काढायचं, थोडं नवं घालायचं. एकदम नाही. मी वर धरीन, तू खाली. एकट्याचं काम नाही हे. महिनाभर तुला-मला घराबाहेर हलता येणार नाही, बस. भोपाळवाल्याला सांगतो, नवी कलमं देईल तो. दिवाळीपर्यंत होता तसा करून देतो तुझा समुद्र. मग थंडीत आरामात जाऊ दादाकडे. परेशान नको होऊ. हं, सोड आता.”

तिनं पाइपाचं टोक अंगठ्यानं दाबून धरलं होतं. पाणी आत येऊन थांबलं होतं, अंगठ्याला त्याची ओढ लागत होती.

“सोड ना.”

“अहो, दादा थंडीपर्यंत नाही राहायचा.”

मार्तंडरावांनी मान वर केली. “म्हणजे? नरम आहे म्हणालीस ना?”

“मी कमी सांगितलं. त्यानं अन्न सोडलंय. माणसं ओळखत नाही. भाचा म्हणाला, बघायचं असेल तर ये.”

“आणि तू इतके दिवस... वसू, मला सांगायला काय झालं होतं?”

अंगठा बधिर झाला होता. तिनं तो काढला नाही. आवाज कापेल असं तिला वाटलं होतं, पण तो साधाच निघाला, भाजीला काय करू विचारावं तसा.

“तुम्ही एवढं सगळं माझ्यासाठी केलंत, तुम्हाला कसं सांगू? आमच्या घराची पाठ होती हो समुद्राकडे. मागच्या अंगाला केर टाकायचे, राख टाकायचे, तिकडे होता तो. त्याच्याकडे बघायला सवड नव्हती कुणाला. मला तो कधीच आठवला नाही. इथं आल्यावर मला आई आठवायची, दादा आठवायचा, आणि ते तुमच्या घरात बोलायची सोय नव्हती. हे पाणी तुमचं आहे. तुम्ही सांभाळा, छान सांभाळता. मला आज रात्रीच्या गाडीत बसवून द्या.”